मासा बाजूला ठेवून

योनाच्या पुस्तकात मासा किती ओव्यांत येतो हे मी मोजून पाहिलं. पुस्तक ४८ ओव्यांचं, मासा त्यातल्या तीन ओव्यांत. एकीत तो योनाला गिळतो, एकीत योना त्याच्या पोटातून प्रार्थना करायला लागतो, एकीत तो योनाला किनाऱ्यावर ओकून टाकतो. काम संपलं, मासा गेला. तरी लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांपासून सिस्टीन चॅपेलच्या छतापर्यंत योना म्हटलं की मासा हवाच. बरं, मूळ हिब्रूत तो देवमासाही नाही. नुसता 'मोठा मासा' आहे.

मी या पुस्तकाकडे आलो तोही समुद्रमार्गेच. गेल्या पावसाळ्यात 'मोबी डिक' वाचायला घेतलं होतं. ऑफिसच्या बसमध्ये, फोनवर, हिंजवडीचं ट्रॅफिक देईल तेवढी पानं. नवव्या प्रकरणात फादर मॅपल नावाचा पाद्री खलाशांसमोर योनाची गोष्ट सांगतो. जबरदस्त प्रवचन आहे. पळून निघालेल्या माणसाची बंदरावरची चोरटी चाल, त्याच्याकडे बघून कप्तानाला आलेला संशय, मेलव्हिल हे सगळं इतकं जवळून दाखवतो की बस कधी वाकड पुलावर येऊन अडकली ते मला कळलं नाही. मॅपलचा धडा सरळ आहे. देवाचं ऐकायचं तर स्वतःचं मोडावं लागतं. योनाने ऐकलं नाही, भोगलं, पश्चात्ताप केला, सुटला आणि नेमून दिलेल्या कामाला गेला.

पण मॅपल निनवेपाशी थांबतो. पुस्तक तिथे थांबत नाही. त्यानंतर चौथा अध्याय आहे, आणि तो वाचला की मॅपलचा धडा हातात राहत नाही.

मला हिब्रू येत नाही. प्रत्येक हिब्रू शब्दाखाली त्याचा अर्थ दाखवणारं एक ॲप घेतलं आणि बाजूला मराठी बायबल उघडून वाचत बसलो. मी ख्रिस्ती नाही, ज्यूही नाही. घरचा देव आहे, आणि सेमिस्टरच्या आदल्या रात्री तो मला आठवायचा, एवढीच माझी धार्मिक पात्रता. तरी हे चार अध्याय मी दीड महिना सोडू शकलो नाही. त्याचं कारण साहित्यिक नव्हतं. त्याच आठवड्यात लिंक्डइनवर एक मेसेज आला होता.

मेसेज कॉलेजच्या एका सिनियरचा होता. फर्स्ट इयरला आम्ही त्याला 'सर' म्हणायचो. म्हणावंच लागायचं, तेही मान खाली घालून, नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवून. त्याच्या असाइनमेंट आम्ही लिहायचो, त्याच्या ड्रॉइंग शीट्स रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आम्ही काढायचो. हे सगळं मी पचवलं. माझ्या रूम पार्टनरला पचलं नाही. त्याच्या बाबतीत काय काय झालं ते मी इथे लिहिणार नाही, कारण ते सांगायचं की नाही हे त्याने ठरवायचंय. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी त्याने गादी गुंडाळली आणि तो घरी गेला. परत आला नाही. खोलीत त्याचा टी-स्क्वेअर राहिला होता, तो मी वर्षभर वापरला.

आता दहा वर्षांनी हा लिहितो: ओळखलंस का? तेव्हा तुम्हा लोकांशी फार वाईट वागलो, आज त्याची लाज वाटते, मनापासून सॉरी. आणि पुढच्याच ओळीत: तुझ्या कंपनीत ओपनिंग दिसतंय, रेफर करशील का?

मला राग आला. पण राग कशाचा आला हे शोधायला मला योना लागला.

तर योना. परमेश्वर त्याला सांगतो, ऊठ, निनवेला जा, त्या शहराचा दुष्टपणा माझ्यापर्यंत पोचलाय. योना उठतो खरा, पण उलट दिशेला निघतो. निनवे पूर्वेला, जमिनीच्या वाटेने. हा याफो बंदरावर जाऊन तार्शीशचं जहाज पकडतो, म्हणजे पश्चिमेला, बहुधा पार स्पेनच्या बाजूला. देवाने काम सांगितल्यावर टाळाटाळ करणारा तो काही पहिला नव्हे. मोशे म्हणतो, माझी जीभ जड आहे. यिर्मया म्हणतो, मी अजून लहान आहे. पण ते निदान देवाशी बोलतात. योना एक अक्षर न बोलता भाडं भरतो.

हिब्रूत इथे एकच क्रियापद पुन्हा पुन्हा येतं, यारद, म्हणजे उतरणं. योना याफोला उतरतो, जहाजात उतरतो, जहाजाच्या तळात उतरतो आणि गाढ झोपतो. पुढे पाण्यात गेल्यावर डोंगरांच्या मुळांपर्यंत उतरल्याचं स्वतःच सांगतो. देवाने 'कूम' म्हटलं होतं, ऊठ. हा उतरतोच आहे. आणि वादळात घाबरलेला कप्तान तळात येऊन झोपलेल्या योनाला हलवतो तेव्हा त्याच्या तोंडी कोणता शब्द येतो? कूम. ज्या हाकेपासून पळाला ती हाक एका परक्या खलाशाच्या तोंडून पुन्हा आली. लेखकाने हे अधोरेखित वगैरे काही केलेलं नाही. नुसतं ठेवून दिलंय.

खलाशी मला फार आवडतात. वेगवेगळ्या देवांची माणसं आहेत. आधी माल समुद्रात फेकतात, मग चिठ्ठ्या टाकतात, चिठ्ठी योनावर येते. तो सांगतो, मला पाण्यात टाका, समुद्र शांत होईल. आता वादळाचं कारण कळलं, उपायही खुद्द गुन्हेगाराने सांगितला, तर टाकून मोकळं व्हावं. पण ते तसं करत नाहीत. वल्ही मारमारून जहाज किनाऱ्याला न्यायचा प्रयत्न करतात. ज्या माणसामुळे जीव धोक्यात आला, ज्याची ओळख होऊन तासही झाला नाही, त्याला वाचवायला धडपडतात. अगदीच इलाज उरत नाही तेव्हा देवाची माफी मागून त्याला सोडतात.

या प्रसंगात एक गोष्ट पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून सुटली होती. योनाला वादळ थांबवायचा आणखी एक मार्ग होता. तो म्हणू शकला असता, जहाज फिरवा, मी निनवेला जातो. तो हे सुचवत नाही. तो म्हणतो, मला फेका. निनवेला जाण्यापेक्षा बुडालेलं बरं, इतकं त्याचं ठरलेलं आहे. आणि का, हे आपल्याला अजून सांगितलेलं नाही. आपण समजतो भीतीने. शत्रूच्या राजवटीत एकट्याने जाऊन तुमचं वाटोळं होणार असं ओरडायचं, कोण जाईल? ही समजूत लेखक तीन अध्याय आपल्या डोक्यात राहू देतो. दुरुस्त करत नाही.

दुसरा अध्याय म्हणजे माशाच्या पोटातली प्रार्थना. सुंदर आहे. बुडण्याचं वर्णन अंगावर येतं, डोक्याला गुंडाळलेलं शेवाळसुद्धा आहे त्यात. पण ती दोनदा वाचा आणि माफी शोधा. नाही. मी चुकलो, मी पळालो, असं एकही वाक्य नाही. वाचवलंस म्हणून आभार आहेत, नवस फेडीन आहे, खोट्या देवांच्या नादी लागलेल्यांना एक टोलाही आहे. (वर जहाजावर ते 'खोट्या देवांचे' लोक एव्हाना परमेश्वराला बळी अर्पण करून नवस बोलतायत, हे त्याला माहीत नाही.) मॅपलला या प्रार्थनेत खरा पश्चात्ताप दिसतो. मला दिसत नाही. त्यानंतर लगेच मासा त्याला ओकतो, हा योगायोग असेलही.

मग हाक दुसऱ्यांदा येते. जवळजवळ त्याच शब्दांत. देव मागचं काहीच उकरून काढत नाही, ही मला या पुस्तकातली सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट वाटते. पळाल्याबद्दल एक शब्द नाही. ऊठ, निनवेला जा, इतकंच.

या वेळी योना जातो. शहर ओलांडायला तीन दिवस लागतात, हा एक दिवस चालतो आणि भविष्य सांगतो. त्याचं भविष्य हिब्रूत पाच शब्दांचं आहे. बाकीचे संदेष्टे पानंच्या पानं बोलतात. याचे पाच शब्द: चाळीस दिवस, मग निनवे उलटणार. का, ते नाही. कोणाच्या वतीने, ते नाही. सुटकेचा काही मार्ग आहे का, अजिबात नाही. काम करायचं पण त्यात स्वतःचं काही घालायचं नाही, हा प्रकार ज्यांनी नोटीस पिरियडमध्ये काम केलंय त्यांना ओळखीचा वाटेल.

मी तो रेफरल टाकला. फॉर्म दोन मिनिटांचा होता. 'तुम्ही उमेदवाराला कसं ओळखता' या रकान्यात लिहिलं: एकाच कॉलेजात होतो. त्याला उत्तर पाठवलं: डन. माफीच्या ओळीला उत्तर दिलं नाही.

आणि योनाचे ते पाच शब्द चालतात. असे चालतात की हसू येतं. अख्खं शहर उपास धरतं, तरट नेसतं, राजा सिंहासनावरून उठून राखेत बसतो आणि फर्मान काढतो की गुराढोरांनीही खाऊ-पिऊ नये, त्यांनाही तरट नेसवा. गोणपाट पांघरलेल्या उपाशी गाई-म्हशी डोळ्यांसमोर आणा. बायबलमधला सगळ्यात बिनकामाचा संदेष्टा बायबलमधला सगळ्यात यशस्वी संदेष्टा ठरतो. 'उलटणार' साठी जो शब्द आहे, नेहपाखेत, त्याचं मूळ सदोम शहराच्या नाशासाठी वापरलेलंच आहे, पण आतून बदलण्यालाही ते चालतं. मराठीत 'पालटणार' म्हटलं असतं तर असंच झालं असतं. शहर पालटलं. भविष्य खरं झालं आणि योनाला हवं तसं झालं नाही.

हा पालट खरा होता का? ज्यू परंपरेत यावर दोन्ही मतं आहेत. मिश्नात एक बारीक निरीक्षण आहे, की देवाने निनवेकरांचं तरट आणि उपास पाहिला असं तिथे म्हटलेलं नाही, त्यांची कृती पाहिली असं म्हटलंय. बॅबिलोनी तल्मूद त्याहून पुढे जाऊन सांगतो की कोणी चोरलेली तुळई आपल्या इमारतीत बसवली असेल तर त्याने इमारत पाडून ती तुळई मालकाला परत केली. जेरुसलेमच्या तल्मुदात मात्र रेश लकीश म्हणतो, सगळं ढोंग होतं. वासरं आत बांधली आणि त्यांच्या आया बाहेर, म्हणजे दोन्हीकडून हंबरडा उठेल आणि देवाला पाझर फुटेल. भावनिक ब्लॅकमेल, तेही गुरांकरवी.

मी अर्थातच रेश लकीशच्या बाजूचा होतो. एकाच मेसेजमध्ये सॉरी आणि रेफर करशील का! इमारत पाडून तुळई परत करणं सोडा, हा त्याच तुळईवर आणखी एक मजला चढवायला निघालाय.

पण मग चौथा अध्याय आला. देव निनवेचा नाश रद्द करतो आणि योना भडकतो. आत्ता कुठे, पुस्तक संपायला दहा ओव्या उरलेल्या असताना, तो कारण सांगतो. मी पळालो तो यासाठीच, म्हणतो. मला माहीतच होतं. तू कृपाळू आहेस, दयाळू आहेस, तुला लवकर राग येत नाही, तू शिक्षा मागे घेतोस. मला ठाऊक होतं तू हे असंच करणार.

म्हणजे भीती नव्हतीच. आपण तीन अध्याय चुकीचा बग शोधत होतो. योना पळाला तो काम फसेल म्हणून नाही, काम जमेल म्हणून. निनवे ऐकणार नाही याची त्याला चिंता नव्हती. निनवे ऐकेल, आणि मग तिला माफ केलं जाईल, हे त्याला सहन होणार नव्हतं.

तो देवाला जे गुण ऐकवतो ते त्याचे स्वतःचे शब्द नाहीत. निर्गम पुस्तकात, सोन्याच्या वासराच्या भानगडीनंतर, देव मोशेपुढे स्वतःचं जे वर्णन करतो ते हे. तिथे त्याचाच आधार घेऊन इस्राएल लोक वाचतात. योना तेच आरोपपत्र म्हणून वाचून दाखवतो, पण त्यात एक फेरफार करतो. मूळ यादीत 'हेसेद', म्हणजे माया, आणि तिच्या जोडीला 'एमेत', म्हणजे सत्य, खरेपणा, असे दोन शब्द आहेत. योनाच्या यादीत एमेत गळलाय. त्या जागी शिक्षा मागे घेणं आलंय. आणि योनाच्या बापाचं नाव काय? अमित्तय. एमेतवरूनच आलेलं. सत्याच्या मुलाची तक्रार अशी की तुझ्या दयेत सत्याला जागाच उरली नाही. जे घडलं ते घडलं होतं. त्याचं काय?

इथे मी रागाने नव्हे, पण ठामपणे योनाच्या बाजूला गेलो. कारण निनवे म्हणजे गोष्टीतलं कुठलंतरी वाईट शहर नव्हे. निनवे म्हणजे अश्शूर. योना हा माणूस राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एका ओवीत भेटतो, यराबाम दुसरा या राजाच्या काळात, इ.स.पू. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्याच अश्शूरने इ.स.पू. ७२२ मध्ये त्याचं राज्य, उत्तरेकडचं इस्राएल, पुसून टाकलं. ७०१ मध्ये सन्हेरीबने दक्षिणेकडच्या यहूदावर स्वारी केली. ४६ तटबंदीची गावं घेतल्याचं त्याने कोरूनच ठेवलंय. लाखीश शहराचा वेढा त्याने निनवेतल्या आपल्या महालाच्या भिंतींवर खोदून घेतला. ते दगड लेयार्डने १८४० च्या दशकात उकरून काढले, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, ऑनलाइन बघता येतात. मी झूम करून पाहिले. खांबांवर टांगलेली माणसं, जमिनीला जखडून सोलली जाणारी माणसं, आणि शेजारीच बैलगाडीवर बोचकी लादून गाव सोडणारी बायकामुलं. हे शत्रूने केलेले आरोप नाहीत. हे त्यांनी स्वतःच्या घरात हौसेने लावलेलं वॉलपेपर आहे.

योनाचं पुस्तक लिहिलं गेलं ते या सगळ्यानंतर कधीतरी, बहुतेक अभ्यासकांच्या मते बॅबिलोनच्या बंदिवासानंतर. म्हणजे पहिल्या श्रोत्याला पुढचं सगळं माहीत होतं. देवाने या शहराला जीवदान दिलं आणि दोन पिढ्यांच्या आत या शहराने आपल्याला मारलं, हे माहीत असताना तो ही गोष्ट ऐकतोय. निनवे इ.स.पू. ६१२ मध्ये अखेर पडली, त्याचा आनंद साजरा करणारं नहूम या संदेष्ट्याचं पुस्तक त्याच बायबलात आहे, योनापासून एक पुस्तक सोडून. दोन्ही ठेवलीत. एकाने दुसऱ्याला खोडलेलं नाही.

आता योनाच्या विरुद्ध जाणारा पुरावाही सांगायला हवा. राजांच्या पुस्तकातल्या त्या ओवीत योनाने काय भविष्य सांगितलं होतं? की यराबामच्या हातून इस्राएलच्या सीमा पुन्हा विस्तारतील. आणि त्याच्या शेजारच्याच ओळी सांगतात की यराबाम वाईट राजा होता, तरी देवाला त्या लोकांचे हाल बघवले नाहीत. म्हणजे लायकी नसताना मिळालेली दया पोचवणं, हेच काम योनाने याआधी एकदा केलेलं आहे. तेव्हा त्याने जहाज पकडल्याची नोंद नाही. दया आपल्या घरी आली तेव्हा सत्य आठवलं नाही.

मीही सेकंड इयरला गेलो तेव्हा ज्युनिअर्सकडून एकदा शीट काढून घेतली होती. एकच. हे वाक्य लिहू की नको असा तीन दिवस विचार केला.

पुस्तकात एक शब्द आहे, रा'आ, जो लेखक अक्षरशः सगळीकडे वापरतो. निनवेचा दुष्टपणा म्हणजे रा'आ, वादळाचं संकट रा'आ, देवाने योजलेली शिक्षा रा'आ, आणि योनाची नाराजीही रा'आ. इंग्रजी भाषांतरात हे प्रत्येक ठिकाणी वेगळे शब्द होतात आणि दोरा तुटतो. मराठीत तो न तोडता सांगता येतो: निनवे वाईट वागली, देवाने तिचं वाईट करायचं ठरवलं, केलं नाही, म्हणून योनाला वाईट वाटलं. वाईट कुठे नाहीसं झालं नाही, ते फक्त योनाकडे आलं.

पुढचा भाग पुस्तकात सगळ्यात विचित्र आहे आणि मला सगळ्यात कमी पटतो. योना शहराबाहेर जाऊन बसतो, काय होतं ते बघत. देव त्याच्या डोक्यावर सावलीला एक वेल उगवतो. योना खूष. (पूर्ण पुस्तकात तो खूष होतो ते एवढंच.) पहाटे देव एक अळी पाठवतो, वेल वाळतो, गरम वारा सुटतो, ऊन डोक्यावर येतं, योना म्हणतो मरण दे. या झाडाचं हिब्रू नाव किकायोन, आणि ते नक्की कुठलं झाड यावर भांडणं झालीत. जेरोमने लॅटिन भाषांतरात भोपळ्याच्या वेलाच्या जागी आयव्ही केली, तर उत्तर आफ्रिकेतल्या एका गावात चर्चमध्ये लोकांनी इतका गोंधळ घातला की बिशपची खुर्ची धोक्यात आली. ऑगस्टिनने जेरोमला पत्र लिहून हे कळवलं. एका वेलीसाठी दंगा. योनाचं पुस्तक त्यांनी मन लावून वाचलं होतं यात शंका नाही. आजच्या हिब्रूत किकायोन म्हणजे एरंड, म्हणजे आपलं 'एरंडाचं गुऱ्हाळ' पार बायबलपर्यंत पोचलं म्हणायचं.

देवाचा युक्तिवाद असा: ज्याच्यासाठी तू कष्ट केले नाहीस, जो एका रात्रीत आला आणि गेला, त्या वेलाची तुला हळहळ वाटते, मग एवढ्या मोठ्या निनवेची मला वाटू नये? युक्तिवाद म्हणून हा ढिला आहे. कोड रिव्ह्यूला आला असता तर मी परत पाठवला असता. योनाला वेलाची हळहळ नव्हतीच, स्वतःच्या डोक्यावरच्या उन्हाची होती. आणि त्याचा प्रश्न निनवेच्या किमतीबद्दल नव्हता, न्यायाबद्दल होता. देव त्याला उत्तर देत नाही, विषय बदलतो. सांगतो की तिथे १,२०,००० पेक्षा जास्त माणसं आहेत ज्यांना उजवं-डावं कळत नाही, आणि पुष्कळ गुरंही. निनवेची शिरगणती झाली. लाखीशची कोणी केली नाही.

बराच काळ मी इथे अडून होतो. हे पुस्तक ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना विचारतच नाही, असं माझं मत होतं, आणि ते अजून पूर्ण गेलेलं नाही. पण एक गोष्ट उशिरा लक्षात आली. योना हाच तो. पुस्तकात लाखीश कुठे नाही, पण तो आहे. देव निनवेशी एक शब्द बोलत नाही; संपूर्ण शेवटचा अध्याय तो या एका चिडलेल्या माणसाशी बोलतो. रागावण्याचा तुला हक्क आहे का असं दोनदा विचारतो, योना एकदा गप्प बसतो आणि एकदा म्हणतो, आहे, मरेपर्यंत आहे. त्यावर वीज कोसळत नाही. देव आणखी एक प्रश्न विचारतो आणि पुस्तक संपतं. योनाचं उत्तर दिलेलं नाही.

खरं तर तो प्रश्न आहे हेही वाचणाऱ्यानेच ठरवायचं. हिब्रूत तिथे प्रश्नवाचक काहीही नाही, सूर तेवढा आहे. मराठीत 'आणि मला निनवेची हळहळ वाटू नये' हे वाक्य प्रश्नचिन्हाशिवाय लिहून बघा. काही अभ्यासक ते खरोखरच विधान म्हणून वाचतात: निनवेची मला हळहळ नाही. मग अर्थ पूर्ण उलटतो. मला तो अर्थ पटत नाही, आधीच्या ओळीशी बसत नाही. पण इतकं मोठं वजन लेखकाने नुसत्या सुरावर सोडलं, हे मला धाडसाचं वाटतं.

ज्यू लोक हे पुस्तक योम किप्पूरच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत वाचतात. दिवसभराचा कडक उपास, पोटात काही नाही, आणि समोर वेलाखाली बसलेला योना. आपल्या कोकणातले बेने इस्राएली पूर्वी या दिवसाला दारं बंद करण्याचा सण म्हणत. घराची दारं लावून दिवस आत काढायचा. आणि मुंबईत मांडवीला १७९६ साली सॅम्युअल दिवेकरांनी बांधलेल्या त्यांच्या सगळ्यात जुन्या सिनेगॉगचं नाव शआर हारहमीम आहे, म्हणजे दयेचं दार. तिथेही वर्षानुवर्षं ही गोष्ट मराठी बोलणाऱ्या माणसांनी ऐकली असणार.

याच दिवसाबद्दल मिश्नात एक नियम आहे. माणसाने देवाचा अपराध केला असेल तर योम किप्पूर तो धुतो. माणसाचा केला असेल तर नाही, जोवर त्या माणसाची समजूत काढली जात नाही तोवर. आता गंमत बघा. निनवेचा अपराध माणसांचा होता, राजाच्या फर्मानात हातांनी केलेल्या हिंसेचा उल्लेख आहे. आणि तिला माफ केलं देवाने, परस्पर. नियम आणि गोष्ट एकाच दिवशी, आणि एकमेकांत बसत नाहीत. ज्यांनी ही गोष्ट या दिवसासाठी निवडली त्यांना हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

मला जे दिसलं ते माझ्यापुरतं होतं. तो मेसेज मला आला होता, पण तुळई माझी नव्हती. मी दोन महिने योनासारखा शहराबाहेर बसून निकाल बघत होतो, आणि ज्याला विचारायचं त्याला विचारलं नव्हतं.

रूम पार्टनरचा नंबर माझ्याकडे आहे. दिवाळीला आम्ही एकमेकांना फॉरवर्ड केलेल्या पणत्या पाठवतो. मी फोन केला. आधी इकडचं तिकडचं, त्याच्या मुलीची शाळा, माझं लग्न कधी. मग मी सांगितलं. त्याचा मेसेज आलाय, सॉरी म्हणालाय, 'तुम्हा लोकांशी' असं लिहिलंय त्याने, म्हणजे तूही आलास त्यात. रेफरल मागत होता. मी टाकला.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मागे कुकरची शिट्टी झाली.

"मग," तो म्हणाला, "लागली का त्याला नोकरी"

हे त्याने कोणत्या सुरात म्हटलं, ते मला फोनवर नीट कळलं नाही.